ध्रुवप्रदेशांचे बारसे



मी ज्या भागात राहते त्याचे नाव स्नेहलतागंज. इंदूरकरांना हे नाव नवे नाही. पत्रावर पत्ता घालताना ते आपण लिहितो, रिक्षावाल्याला सांगतो, पाहुण्याला समजावून देतो. पण ही स्नेहलता कोण, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. होळकर राजघराण्यातील एका कन्येचे ते नाव. मनोरमागंजाचेही तसेच. तुकोगंज तुकोजीरावांचे, मल्हारगंज मल्हाररावांचे. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, राजवाड्यापुढची सलामी थांबली, परंतु नावे जागच्या जागी राहिली. ज्यांनी त्या राजकन्येला कधी पाहिले नाही, अशा हजारो माणसांच्या तोंडी तिचे नाव दिवसातून दहा वेळा येते.

हे सर्व मला आठवण्याचे कारण वर्गात घडले. भूगोलाच्या तासाला नकाशाची वही उघडून आम्ही दक्षिण ध्रुवाकडचे पान पाहत होतो. मुलांना हे पान फारसे आवडत नाही; त्यावर रंग नसतात, शहरे नसतात, रेल्वे नसते. पांढऱ्या कागदावर कडेने तेवढी नावे छापलेली. त्यांतील एक नाव वाचून एका मुलीने विचारले, "टीचर, ही क्वीन मॉड तिथे राहत होती का?" मी म्हटले, नाही; नॉर्वेच्या या राणीने त्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नाही. तिचा दुसरा प्रश्न तयारच होता. "मग तिचे नाव कोणी दिले? आणि ते देऊ कसे दिले?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले. दुसऱ्याचे उत्तर त्या तासाला पुरे झाले नाही. आज ते येथे थोडे विस्ताराने मांडावे असा माझा विचार आहे.

आपल्याकडे गावाचे नाव कोणी एकाने ठेवलेले नसते. वड होता म्हणून वडगाव, पिंपळ होता म्हणून पिंपळगाव. दोन नद्यांच्या मध्ये वसले म्हणून दोआब. डोंगराला देवीचे नाव पडते, ओढ्याला कोणाच्या तरी शेताचे. कोणत्या वर्षी, कोणाच्या हुकमाने, हे विचारण्यात अर्थ नसतो. राहणारी माणसे हाक मारता मारता नाव घडवतात. ध्रुवप्रदेशांपैकी उत्तरेकडच्या प्रदेशातही असेच घडले होते, कारण तेथे माणसे हजारो वर्षे राहत आली आहेत. दक्षिणेकडची गोष्ट निराळी. अंटार्क्टिका खंडावर मूळचा रहिवासी कोणीच नव्हता. १८२० साली ते प्रथम माणसाच्या दृष्टीस पडले, तेव्हा त्यावर एकाही टेकडीला, एकाही खाडीला नाव नव्हते. आपल्या पृथ्वीवर एवढा मोठा निनावी भूभाग दुसरा नव्हता. उत्पत्तीच्या ग्रंथात आदामापुढे पशुपक्षी आणले जातात आणि तो एकेकाला नाव देतो, ती कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अंटार्क्टिकेत तसाच प्रसंग आला. फरक इतकाच की येथे आदाम एक नव्हता, आणि प्रत्येकाला कोणी तरी खर्चासाठी पैसे दिलेले होते.

हा पैशाचा भाग मी थट्टेने सांगत नाही. ध्रुवावरची मोहीम म्हणजे जहाज, कोळसा, दोन-तीन वर्षांचे अन्न, कुत्री, तट्टू आणि पगार. सरकार देई ते पुरत नसे. मग धनिकांच्या दारी जावे लागे. आणि परत येताना त्यांना देण्यासारखे संशोधकाजवळ एकच असे, ते म्हणजे नकाशावरची जागा. जॉन रॉस हा इंग्रज नाविक १८२९ साली उत्तरेकडे निघाला तेव्हा त्याचा बहुतेक खर्च फेलिक्स बूथ या जिन गाळणाऱ्या कारखानदाराने सोसला. म्हणून कॅनडाच्या उत्तर टोकाला जो द्वीपकल्प आहे त्याचे नाव बूथिया. चुंबकीय उत्तर ध्रुवाचे ठिकाण १ जून १८३१ रोजी प्रथम निश्चित केले गेले ते याच द्वीपकल्पावर. शास्त्राच्या इतिहासातील इतकी मोठी घटना, आणि तिच्या स्थळाला मद्याच्या व्यापाऱ्याचे नाव! पुढे नॉर्वेचा ऑटो स्वेर्द्रुप १८९८ ते १९०२ या काळात त्याच बाजूला चार वर्षे हिंडला. त्याला सापडलेल्या तीन मोठ्या बेटांची नावे आहेत आक्सेल हायबर्ग, एलेफ रिंगनेस आणि आमुंड रिंगनेस. तिघेही ख्रिस्तियाना शहरातील, म्हणजे आजच्या ऑस्लोतील, बिअरच्या धंद्यातले भागीदार. दक्षिणेत शॅकल्टनने १९०८ साली ज्या प्रचंड हिमनदीवरून ध्रुवाच्या पठाराकडे वाट काढली तिला त्याने ग्लासगोचे जहाजबांधणी-कारखानदार विल्यम बिअर्डमोर यांचे नाव दिले. हिमनदी शंभर मैलांहून लांब आहे. देणगीची पावती इतकी लांब दुसऱ्या कोणास मिळाली असेल असे वाटत नाही.

यात अप्रामाणिकपणा होता असे मी म्हणणार नाही. आपल्या धर्मशाळांच्या भिंतींवर आणि चर्चच्या बाकांवरही देणगीदारांची नावे कोरलेली असतातच. मात्र कधी कधी भलताच प्रसंग ओढवे. वर सांगितलेला जॉन रॉसच १८१८ साली कॅनडाच्या वर लँकेस्टर सामुद्रधुनीत शिरला असताना त्याला समोर वाट अडवणारी पर्वतांची रांग दिसली. त्याने तिला नौदल-खात्याचे सचिव क्रोकर यांचे नाव दिले आणि जहाज माघारी फिरवले. पुढच्याच वर्षी पॅरी नावाचा त्याचा सहकारी तेथे गेला आणि त्या पर्वतांमधून सरळ जहाज घेऊन पलीकडे निघून गेला. कारण पर्वत नव्हतेच, थंड हवेने दाखवलेले ते मृगजळ होते. रॉसची अब्रू त्यात फार खर्ची पडली. गंमत अशी की जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९०६ साली, अमेरिकन संशोधक पिअरी याने उत्तर समुद्रात दूरवर एक भूमी पाहिल्याचे सांगितले आणि तिला आपल्या एका धनिक आश्रयदात्याचे नाव दिले. त्याचेही आडनाव क्रॉकर! १९१३ साली मॅकमिलन याची मोहीम ती भूमी गाठण्यासाठी निघाली. सोबतच्या इनुइट वाटाड्याने हे केवळ धुके आहे असे बजावले होते. गोठलेल्या समुद्रावर दिवसचे दिवस चालल्यावर भूमीही मागे मागे सरकू लागली आणि शेवटी दिसेनाशी झाली. नाव होते, जागाच नव्हती. रिकाम्या नावाचा हा दाखला मी मुलांना नेहमी सांगते, कारण व्याकरणाच्या तासालाही तो उपयोगी पडतो.

पैशानंतर प्रेमाचा क्रम लागतो. फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल १८४० साली अंटार्क्टिकेच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा वर्षानुवर्षे घरी एकटी राहिलेल्या पत्नीचे, आदेलचे, नाव त्याने त्या भूमीला दिले. तेथील पेंग्विन पक्ष्यालाही तेच नाव पडले. आज प्राणिसंग्रहालयात मुले ज्याला आदेली पेंग्विन म्हणतात तो हाच. ध्रुवावरच्या बर्फातून सुखरूप परतलेला हा मनुष्य १८४२ साली पॅरिसजवळ व्हर्सायहून येणाऱ्या आगगाडीच्या अपघातात पत्नी व मुलासह मरण पावला. अमेरिकेच्या बर्ड यानेही १९२९ साली आपल्या पत्नीचे, मेरीचे, नाव एका विस्तीर्ण प्रदेशास दिले. आणि संताप, निराशा, कंटाळा यांचीही नावे त्या नकाशावर आहेत. दक्षिण जॉर्जिया हे बेट दक्षिणेकडील महाखंडाचे टोक असावे अशा आशेने कॅप्टन कुक १७७५ साली त्याच्या किनाऱ्याने गेला. बेट संपले, आशाही संपली, आणि त्या टोकाला त्याने 'निराशेचे भूशिर' असे नाव दिले. स्कॉटच्या मोहिमेतील सहा जणांनी १९१२ सालचा संपूर्ण हिवाळा जेथे बर्फात खणलेल्या गुहेत काढला, त्या बेटाचे नाव 'अवर्णनीय बेट'. याहून अधिक त्यांना काही सांगावेसे वाटले नसावे.

आता राजकारणाकडे वळू. नाव देणे हे मालकी सांगण्याचे पहिले पाऊल असते, हे इंदूरसारख्या शहरात वेगळे सांगण्याची गरज नाही. येथील गंजांची नावे हेच सांगतात. दक्षिण अमेरिकेच्या दिशेने अंटार्क्टिकेचा जो लांब हात पुढे आलेला आहे, त्याचे उदाहरण घ्या. इंग्रज त्याला ग्रॅहम लँड म्हणत, नौदलाच्या मंत्र्यावरून. अमेरिकन लोक त्यालाच पामर म्हणत, सीलची शिकार करणाऱ्या आपल्या एका नाखव्यावरून. चिलीने त्याला आपला स्वातंत्र्यवीर ओ'हिगिन्स याचे नाव दिले आणि अर्जेंटिनाने आपला स्वातंत्र्यवीर सान मार्टिन याचे. एकच जमीन, चार नावे. आणि प्रत्येक नावामागे हक्काचा कागद. अखेर १९६४ साली इंग्लंड व अमेरिका यांच्यात तडजोड झाली. सबंध द्वीपकल्पाला 'अंटार्क्टिक द्वीपकल्प' असे निर्विकार नाव ठरले, उत्तरेचा अर्धा भाग ग्रॅहम आणि दक्षिणेचा पामर. दोन भावांनी वाडा वाटून घ्यावा तसा हा प्रकार झाला; चिली व अर्जेंटिना आपापली नावे आजही वापरतात.

या भांडणाला पायबंद बसला तो १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी सही केलेल्या अंटार्क्टिक करारामुळे. तो २३ जून १९६१ पासून अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाने जुने दावे मान्यही केले नाहीत आणि फेटाळलेही नाहीत. आहेत तेथे गोठवून ठेवले. बर्फाच्या प्रदेशाला शोभेल अशीच ही युक्ती म्हटली पाहिजे. भारताने याच्या आधी, १९५६ साली, अंटार्क्टिकेचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेण्याचा प्रयत्न केला होता. तेव्हा तो पुढे सरकला नाही. परंतु कराराने मालक कोणी ठरवला नाही, त्यामुळे नाव ठेवण्याचा अंतिम अधिकारही कोणाकडे गेला नाही. तेथे सर्वेक्षण करणारा प्रत्येक देश आपल्या नामसमितीमार्फत नावे ठरवतो आणि ती एका आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समितीच्या सूचीत नोंदवतो. त्या सूचीत आज पस्तीस हजारांहून अधिक नावे आहेत, पण प्रत्यक्षात स्थळे त्या मानाने बरीच कमी. कारण एकाच खडकाला रशियन, इंग्रज, अर्जेंटिनी अशी निरनिराळी नावे असतात. सूची सर्व नावे शेजारी शेजारी ठेवते आणि अमुक खरे, अमुक खोटे, असे म्हणत नाही.

निनावी स्थळे हजारोंनी असताना नावे आणायची तरी कोठून? हवाई छायाचित्रांवरून नकाशे होऊ लागले तेव्हा एकेका छायाचित्रात पन्नास शिखरे दिसू लागली. १९४५ साली स्थापन झालेल्या इंग्रजांच्या नामसमितीने यावर एक तोड काढली. एका भागाला एक विषय. अलेक्झांडर बेटावर संगीतकारांची वसाहत आहे: मोझार्ट, बेथोव्हेन, बाख, मेंडेलसोन. ब्राबंट बेटावर वैद्यकशास्त्राचे आचार्य आहेत. तेथे हिपोक्रेटिस नावाची हिमनदी आहे आणि अरबी-फारसी वैद्यकाचा पंडित इब्न सिना याच्या नावाचा उपसागरही आहे. एका किनाऱ्यावर तर 'मोबी डिक' या कादंबरीतील पात्रे व त्यांचे जहाज हिमनद्या व शिखरे होऊन बसली आहेत. अमेरिकन समितीचा नियम अधिक कडक आहे: कुत्र्यांची, पाळीव प्राण्यांची किंवा विक्रीच्या मालाची नावे चालणार नाहीत; माणूस हवा, आणि त्याने त्या प्रदेशासाठी काही केलेले हवे. याच नियमाने भूकंपशास्त्रज्ञ असलेल्या डॅनियल लिनेहन या येशूसंघीय पाद्रींचे नाव एका हिमनदीला मिळाले. आमच्या घरात बाप्तिस्म्याच्या वेळी संताचे नाव ठेवण्याची चाल आहे. येथे उलट, धर्मगुरूचे नाव बर्फाला गेले.

उत्तरेकडे हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो, कारण तेथे नावे आधीपासून होती, ती ऐकणारा कोणी नव्हता. मार्टिन फ्रोबिशर १५७६ साली ज्या उपसागरात आला त्यावर त्याचे नाव चारशे वर्षे राहिले, आणि तेथे वसलेल्या गावालाही तेच पडले. इनुइट लोक मात्र त्या ठिकाणाला आपसात इकालुइत म्हणत आले होते. अर्थ, पुष्कळ मासे मिळण्याची जागा. १९८७ साली गावाने ते नाव अधिकृतपणे परत घेतले. ग्रीनलंडच्या राजधानीचे डॅनिश नाव जाऊन १९७९ साली नूक झाले. आपल्याला हे समजायला अवघड नाही. हिमालयातील सर्वोच्च शिखराला सर्वेक्षण-खात्यातील पूर्वीच्या प्रमुखाचे नाव देण्याचे घाटत होते, तेव्हा खुद्द जॉर्ज एव्हरेस्ट यांनीच १८५७ साली हरकत घेतली होती, की हे नाव हिंदी वा फारसीत लिहिता येणार नाही आणि येथील माणसाला उच्चारता येणार नाही. १८६५ साली तरीही तेच नाव कायम झाले. ज्याचे नाव त्यानेच नको म्हणावे, असा प्रसंग विरळा.

आता आपल्या स्वतःच्या प्रवेशाविषयी. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या बंदरातून 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेले नॉर्वेजियन जहाज एकवीस भारतीयांना घेऊन निघाले. प्रमुख होते डॉ. सय्यद झहूर कासिम. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी अंटार्क्टिकेवर उतरली. ज्या किनाऱ्यावर ती उतरली त्याचे नाव प्रिन्सेस आस्ट्रिड किनारा. म्हणजे येथेही एक राजकन्या! नॉर्वेच्या राजघराण्यातील ही आस्ट्रिड. शेजारच्या किनाऱ्यांना तिची बहीण रागन्हिल्ड आणि आई मार्था यांची नावे आहेत, आणि या सर्व किनाऱ्यांमागचा प्रदेश म्हणजे आमच्या वर्गातील त्या मुलीला भेटलेली क्वीन मॉड, नात्याने आस्ट्रिडची आजी. स्नेहलतागंज आणि मनोरमागंज यांच्यामधून रोज ये-जा करणाऱ्या मला हे कुटुंब परके वाटले नाही, हे कबूल करते.

त्या किनाऱ्याच्या बर्फावर डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील तिसऱ्या मोहिमेने १९८३-८४ च्या उन्हाळ्यात भारताचे पहिले ठाणे उभारले. त्याचे नाव 'दक्षिण गंगोत्री'. या मोहिमेत अंटार्क्टिकेवर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया होत्या: भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. अदिती पंत. अदिती पंत या औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या, अप्पासाहेब पंतांच्या कन्या. राजघराण्यातील मुलीचे नाव बर्फाला देण्याची रीत नॉर्वेकरांची. आमच्या संस्थानिकाच्या घरातली मुलगी स्वतःच तेथे जाऊन समुद्राचे पाणी तपासून आली, हे मला अधिक आवडते.

दक्षिण गंगोत्री हे नाव मला कल्पक वाटते. त्यात व्यक्ती नाही, दावा नाही, सत्ताधीशही नाही. बर्फ आणि नदीचा उगम यांची आठवण आहे. परदेशी गेलेल्या माणसाने नव्या घराला आपल्या गावाचे नाव द्यावे तसे ते आहे. ठाणे मात्र टिकले नाही. ते जमिनीवर नव्हते, समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या जाड थरावर होते; वरून हिम साचत गेले, इमारत खाली खाली दबत गेली, आणि १९९० साली ती सोडून द्यावी लागली. नाव तेवढे तरले. तेथील एका हिमनदीलाही दक्षिण गंगोत्री म्हणतात, आणि तिचे टोक दरवर्षी किती मागे हटते याची मोजणी भारतीय भूवैज्ञानिक करीत आले आहेत.

या ठाण्याबरोबर १९८४ साली तेथे डाकघरही उघडले होते, आणि ते गोव्याच्या डाक-विभागात होते. गोवा विभाग महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. ठाणे बर्फात गेल्यावर डाकघर 'मैत्री' या नव्या ठाण्यात गेले. पुढे २०२४ साली 'भारती' या तिसऱ्या ठाण्यात आणखी एक शाखा निघाली, तेव्हा तिला प्रायोगिक पिनकोड मिळाला तो असा: एमएच १७१८. अंटार्क्टिकेच्या पत्त्यात महाराष्ट्राची दोन अक्षरे! मुलांना हे सांगितल्यावर सर्वांना लगेच पत्र पाठवायचे होते.

मैत्री जेथे आहे त्या जागेच्या नावांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ती बर्फाने न झाकलेली खडकाळ टेकड्यांची पट्टी. तिला शिर्माकर ओॲसिस म्हणतात. १९३९ साली 'श्वाबेनलँड' या जहाजावरून आलेल्या जर्मन मोहिमेतील वैमानिक शिर्माकर याने ती विमानातून पाहिली. नॉर्वेने त्याच जानेवारीत या साऱ्या प्रदेशावर आपला हक्क जाहीर केला होता. जर्मनांनी वरून उडत उडत डोंगरांना नावे दिली; मोहिमेच्या जमाखर्चाची व्यवस्था पाहणाऱ्या वोल्टाट नावाच्या अधिकाऱ्याचे नाव एका पर्वतसमूहाला पडले, त्यातील एका रांगेला हुंबोल्ट या थोर भूगोलज्ञाचे. १९६१ साली रशियनांनी तेथेच ठाणे बांधले आणि त्याला १८२० च्या आपल्या नाविकाच्या, लाझारेवच्या, नावावरून नोव्होलाझारेव्हस्काया म्हटले. त्या शेजारी १९८९ साली आपले मैत्री उभे राहिले, आणि समोरच्या गोड्या पाण्याच्या तळ्याला प्रियदर्शिनी हे नाव मिळाले. पाच-सात कोसांच्या परिसरात नॉर्वेची राणी, जर्मन वैमानिक, रशियन नाखवा आणि इंदिराजी! भारती ठाणे २०१२ साली जेथे सुरू झाले त्या लार्समन टेकड्यांचे नावही नॉर्वेजियन. लार्स या नावाचे ते घरगुती, लाडाचे रूप. आपण बाळू म्हणावे तसे.

व्यक्तींची भारतीय नावे तेथे थोडी आहेत. १९६०-६१ मध्ये अमेरिकन मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवावर गेलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. गिरिराज सिरोही यांच्या नावाचे एक भूशिर आहे. बिहारमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत प्राध्यापक झालेले अखौरी सिन्हा १९७१-७२ मध्ये सील, देवमासे व पक्षी यांची गणना करणाऱ्या तुकडीत होते. मेरी बर्ड लँडमधील माउंट सिन्हा हे त्यांचे नाव. उंची ९९० मीटर, म्हणजे आमच्या विंध्यातील जानापावपेक्षा थोडी अधिक.

आणि एक नाव असे आहे की जे कोणा व्यक्तीचे नाही. वर सांगितलेल्या हुंबोल्ट पर्वतात 'इंडिया पॉइंट' नावाची जागा आहे. नववी भारतीय मोहीम तेथे गेली असताना डोंगरातील छावणीत ८ जानेवारी १९९० रोजी अपघात झाला आणि चौघे जण मरण पावले. तिघे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण-खात्याचे शास्त्रज्ञ होते, चौथा नौदलाचा संदेशवहन-तंत्रज्ञ. त्यांच्या स्मरणार्थ तेथे शिला बसवली आहे, आणि अंटार्क्टिक करारातील राष्ट्रांनी ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तिला अठ्ठ्याहत्तरावा क्रमांक दिला आहे. त्या यादीत चव्वेचाळीसावा क्रमांक दक्षिण गंगोत्रीजवळच्या पहिल्या मोहिमेच्या फलकाचा.

एवढे सांगेपर्यंत तास संपला होता. आमच्या नकाशाच्या वहीत इंडिया पॉइंट छापलेले नाही. त्या मुलीने ते कोठे येते हे विचारले, तेव्हा क्वीन मॉडच्या 'लँड'मध्ये, शिर्माकरच्या खाली, ध्रुवाच्या दिशेने थोडेसे, असे मी बोटाने दाखवले. तिने तेथे पेन्सिलीने टिंब काढले आणि बाजूला मराठीत नाव लिहिले. पेन्सिल बोथट होती, त्यामुळे टिंब जरा मोठे झाले.